मुंबईतल्या मोठ्या वकिली फर्मने आमच्या तालुक्यात नेमके काय करावे?

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. एका विषयावर तुमचा विचार हवा आहे.

माझी पुतणी गेली चार वर्षे नरिमन पॉइंटच्या एका मोठ्या कॉर्पोरेट लॉ फर्ममध्ये वकील आहे. कंपन्यांची विलीनीकरणे, भागभांडवलाचे व्यवहार, बँकांचे कर्जकरार ही तिची रोजची कामे असून कोर्टात उभे राहण्याची वेळ तिच्यावर क्वचितच येते. तिच्या फर्ममध्ये दर वर्षी समाजासाठी काहीतरी करण्याचा परिपाठ आहे. गेल्या वर्षी तिच्या शब्दाखातर तिथले वीसेक जण एका शनिवारी तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आले. त्यांनी प्राथमिक शाळेत दप्तरे वाटली, कुंपणालगत चाळीस रोपे लावली, दुपारचे जेवण घेतले आणि संध्याकाळी ते परतले. मुले आनंदली आणि आम्हीही मनापासून पाहुणचार केला. रोपांपैकी आज सहा जगलेली आहेत, कारण एप्रिल-मे महिन्यांत त्यांना पाणी घालण्याची जबाबदारी कोणाकडेच दिलेली नव्हती.

त्याच दुपारी शाळेच्या व्हरांड्यात पंगत उठल्यावर आमच्या शेजारच्या बागायतदाराने खिशातून एक कागद काढून पुतणीपुढे धरला. वहीतून फाडलेला चौकोनी तुकडा होता. त्यावर निळ्या शाईने चार किलोच्या पेट्यांची संख्या आणि दर लिहिलेला होता आणि खाली एक न लागणारी सही होती. व्यापाऱ्याचे पूर्ण नाव नव्हते, गाव नव्हते, तारखेत साल नव्हते. पुतणीने तो कागद उजेडाकडे धरून दोनदा वाचला आणि विचारले, ‘काका, चेक दिला होता का? परत कधी आला? बँकेचा मेमो आहे का?’ चेक होता, तो न वटल्याचा बँकेचा मेमोही होता. चेक परत येऊन दोन महिने उलटले होते. त्याआधीच व्यापाऱ्याला नोटीस पाठवायची असते हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते.

तेव्हापासून माझ्या मनात आहे की या मंडळींनी जे काम ते रोज करतात तेच इथे येऊन करावे. यंदा फर्मने तिला विचारले आहे की तुमच्या भागात काय करू. तुम्ही काय सुचवाल?

माणदेशी

माझे मत स्पष्ट आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावीच लागते. तेव्हा संकोच न बाळगता निधी मागावा. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागांत अभ्यासिका आणि शाळेची स्वच्छतागृहे यांची गरज आहे. वकिलांच्या सल्ल्याचे पुढे काय होईल ते सांगता येत नाही. बांधलेली खोली मात्र उभी राहते.

कृष्णाकाठचा_वकील

सांगलीत बावीस वर्षे वकिली करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माणदेशी, तुमच्या म्हणण्यात एक दुरुस्ती करतो. कलम १३५ हे कंपन्यांना लागू आहे आणि तेही ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पुरा झाला तरच. आपल्याकडच्या वकिली फर्म बहुधा भागीदारी संस्था किंवा मर्यादित दायित्व भागीदारी असतात, म्हणून ही सक्ती त्यांच्यावर येत नाही. ते जे करतात ते स्वेच्छेने करतात. वकील म्हणून मात्र त्यांच्यावर, आणि माझ्यावरही, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४६ ची जबाबदारी आहे. ज्याला गरज आहे पण फी देणे परवडत नाही अशा माणसाला आपल्या ऐपतीच्या मर्यादेत विनामूल्य मदत करणे हे त्या नियमाने वकिलाच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक मानले आहे. म्हणून त्यांच्याकडे निधी मागण्यापेक्षा त्यांच्या विद्येचा वेळ मागणे अधिक योग्य होईल.

आता माझी शंका मांडतो. काही वर्षांपूर्वी मुंबईहूनच एक गट एका गावात शिबिर घेऊन गेला. एका दिवसात पन्नास-साठ लोकांचे अर्ज लिहिले गेले, छायाचित्रे निघाली आणि मंडळी परत गेली. पुढच्या महिन्यात त्यातले काही जण माझ्याकडे आले. त्यांच्या हातात अर्जांच्या छायाप्रती होत्या, पण एकावरही आवक क्रमांक नव्हता आणि कार्यालयाचा शिक्का नव्हता. अर्ज कोणी दाखलच केले नव्हते. ‘साहेब, अर्ज दिलाय की,’ असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते आणि मला त्यांना खरे सांगावे लागले. अर्धवट मदतीने माणूस निर्धास्त होतो आणि तेवढ्यात त्याची मुदत निघून जाते.

शिवाय आपल्याकडे यंत्रणा आहे, ती वापरली जात नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, कामगार, कोठडीतले लोक आणि पूर-दुष्काळासारख्या आपत्तीत सापडलेले लोक यांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात ३ लाखांची वार्षिक मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. हे लोकांपर्यंत पोचवणे हेदेखील काम आहे.

शेवटी त्या चेकबद्दल. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे आणि ती मुदत हुकली की त्या नोटिसीचा मार्ग बंद होतो हे खरे आहे. परंतु चेकची स्वतःची मुदत तीन महिन्यांची असते. ती शिल्लक असेल तर चेक पुन्हा बँकेत टाकता येतो आणि तो पुन्हा परत आला तर नव्या मेमोपासून नवे ३० दिवस मिळतात. द्राक्षवेल, त्या दिवशी चेकची मुदत संपलेली होती काय?

द्राक्षवेल

वकीलसाहेब, आत्ताच शेजाऱ्यांकडे जाऊन चेकची छायाप्रत पाहून आलो. त्या शनिवारी चेकचे तीन आठवडे बाकी होते. पुतणीला ही वाट माहीत नव्हती आणि आम्हालाही नव्हती. तिला आज फोनवर सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

कृष्णाकाठचा_वकील

तिला दोष देऊ नका. ज्याचे रोजचे काम वेगळे आहे त्याला ही गोष्ट पटकन सुचत नाही. वसुलीचा दिवाणी दावा करायला ३ वर्षांची मुदत असते, म्हणजे शेजाऱ्यांना तो मार्ग अजून मोकळा आहे. तो कागद, मेमो आणि व्यापाऱ्याशी झालेले मोबाइलवरचे संदेश घेऊन त्यांना माझ्याकडे पाठवा. संदेश पुसू नका म्हणावे.

वाईची_बाई

मी प्राथमिक शिक्षिका आहे. दप्तरांबद्दल इथे जे लिहिले गेले त्याबद्दल थोडा वेगळा विचार मांडते. माझ्या वर्गात खताच्या पोत्याची पिशवी शिवून वह्या आणणारी मुले आहेत आणि नवे दप्तर खांद्यावर आले की ते मूल चार दिवस तरी आरशासमोरून हलत नाही. त्याला क्षुल्लक म्हणू नये.

आणखी एक सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत अशीच एक तरुण वकील आली होती. सहावीतल्या एका मुलीने तिला विचारले, ‘तुमच्या घरी कोणी वकील होते का?’ ती म्हणाली, ‘नाही, माझे वडील एसटीत वाहक होते.’ त्या मुलीने ते उत्तर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहे. तेव्हा कायद्याचे काम करायला या, पण अर्धा तास शाळेतही या, एवढीच विनंती.

निवृत्त_नायब

महसूल खात्यात तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली, त्यातला बराच काळ सातारा जिल्ह्यात गेला. माझ्या अनुभवाप्रमाणे गावातल्या माणसाला पहिली गरज असते ती हातातला कागद कोणीतरी शांतपणे वाचून दाखवण्याची. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस येते, हरकतीला १५ दिवस असतात आणि ती नोटीस कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेली असते, कारण तिच्यात काय आहे ते विचारायचे कोणाला हा प्रश्न असतो. मुलगा तलाठ्याकडे जायचे म्हणतो आणि तो सुट्टीवर गावी येईपर्यंत नोंद मंजूर झालेली असते.

मुलींच्या हक्काचेही तसेच आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि त्या तारखेला वडील हयात नसले तरी हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. तरीही भाऊबीजेला माहेरी आलेल्या बहिणीकडून ओवाळणीबरोबर हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. मी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकावर अशा बहिणी पाहिल्या आहेत. कागद कशाचा आहे असे विचारले की त्या भावाकडे पाहतात. हक्क सोडायचा असेल तर अवश्य सोडावा, पण सही करण्यापूर्वी कोणीतरी तो कागद शब्दशः वाचून दाखवावा, एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

मात्र मुंबईच्या वकिलांना सातबारा, आठ-अ आणि फेरफार पत्रक यांची ओळख बहुधा नसते. त्यांनी आधी ते शिकून घ्यावे. शिकवायला मी तयार आहे.

कराडहून_फोर्टात

मी मूळचा कराडचा आहे आणि अशाच एका मोठ्या फर्ममध्ये काम करतो, म्हणून आतली बाजू सांगतो.

आमच्याकडे प्रत्येक वकिलाचा वेळ तासांत मोजला जातो आणि वर्षाला ठरावीक तासांचे बिल व्हावे अशी अपेक्षा असते. विनामूल्य कामाचे तास त्या हिशेबात धरले जातात की नाही, यावर पुढचे सारे अवलंबून असते. जिथे ते धरले जातात तिथे तरुण वकील मनापासून असे काम करतात. जिथे धरले जात नाहीत तिथे वर्षातून एक शनिवार निघतो आणि त्या शनिवारी रोपे लावली जातात, कारण त्या कामात नंतर कोणी जाब विचारत नाही. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमावलीत प्रत्येक वकिलाने वर्षाला किमान ५० तास विनामूल्य काम करण्याचे उद्दिष्ट आहे. आपल्याकडे असा आकडा नियमात नाही. म्हणून तुमच्या पुतणीने फर्मकडे पहिली मागणी गाडीची किंवा निधीची करू नये, ‘या कामाचे तास माझ्या कामात धरा’ अशी करावी.

दुसरी अडचण हितसंबंधांची आहे. मोठ्या फर्मचे अशील म्हणजे बँका, निर्यातदार, साखर उद्योग, विमा कंपन्या. तुमच्या गावातल्या माणसाची तक्रार नेमकी त्यांच्यापैकीच कोणाविरुद्ध असू शकते. तसे असेल तर ती फर्म ते काम हाती घेऊ शकत नाही आणि हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितले पाहिजे. माणूस सहा महिने थांबल्यावर ‘आम्हाला जमणार नाही’ असे कळवणे फार वाईट. उसाच्या एफआरपीचेच, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचेच, उदाहरण घ्या. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावे लागते. हे समजावून सांगायला कोणतीच अडचण नाही. पण एखाद्या कारखान्याविरुद्ध उभे राहण्याआधी तो आपल्या फर्मचा अशील नाही ना, हे पाहावेच लागते.

आता आम्हाला खरोखर काय येते ते सांगतो. करार लिहिता येतो. कंपनीची वार्षिक विवरणे, संचालक मंडळाचे ठराव, ट्रस्टची घटना आणि देणगीच्या करसवलतीची नोंदणी या गोष्टी आमच्या हातच्या आहेत. तालुका कोर्टातला दावा चालवणे आम्हाला येत नाही आणि आम्ही तो चालवू नये.

हळद_उत्पादक

कराडहून_फोर्टात यांनी कंपनीच्या विवरणांचा उल्लेख केला आणि माझ्या मनातले बोलले.

आम्ही मिरजेच्या पूर्वेकडच्या काही शेतकऱ्यांनी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढली. दहा शेतकरी आणि किमान पाच संचालक असले की ती काढता येते. नोंदणीच्या दिवशी पेढे वाटले. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतरचा तो उत्साह होता. पुढे दर वर्षी हिशेबपत्रक आणि वार्षिक विवरण असे दोन नमुने भरायचे असतात, हे आम्हाला कोणी नीट समजावले नाही. उशिराला प्रत्येक नमुन्यामागे दिवसाला १०० रुपये पडतात. दोन्ही मिळून दिवसाला २०० आणि वर्षाला ७३,००० रुपये झाले. ज्या कंपनीने त्या वर्षी एवढा नफाही मिळवला नव्हता तिच्यावर हा बोजा आला. सलग तीन वर्षे विवरणे भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, हे तर आम्हाला पत्र आल्यावर कळले. ते पत्र इंग्रजीत होते आणि अध्यक्षांच्या घरी देवघराच्या फडताळात उदबत्तीच्या पुड्याखाली चार महिने पडून होते.

मुंबईच्या वकिलाला हे काम एका दुपारचे आहे. आम्हाला त्यासाठी दोन वर्षे धावपळ करावी लागली. सांगली जिल्ह्यातल्या अशा कंपन्यांना कोणी वर्षातून एकदा, सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेच्या आधी, फाइल तपासून दिली तरी कित्येक कंपन्या तरतील.

पलूसकर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी घरात शिरले तेव्हा माझे भाड्याचे दुकान बुडाले. नंतर मदतीसाठी दुकानाचा भाडेकरार मागितला गेला. करार तोंडी होता. वीस वर्षे त्या गाळ्यात बसूनही माझ्याकडे ते सिद्ध करणारा एक कागद नव्हता. साधा अकरा महिन्यांचा भाडेकरार मराठीत लिहून देणारे कोणी भेटले तर पेठेतले निम्मे दुकानदार रांगेत उभे राहतील. ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांनी ते स्कॅन करून मोबाइलबाहेरही कुठेतरी ठेवावेत, हे माझे अनुभवाचे सांगणे आहे.

कायद्याची_विद्यार्थिनी

मी साताऱ्यात विधी महाविद्यालयात चौथ्या वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयात विधी सहाय्य केंद्र आहे, पण तिथे बहुतेक पथनाट्ये आणि फलक होतात. प्रत्यक्ष कागद हाताळायला मिळाले तर आम्हाला फार शिकता येईल. मुंबईचे वकील इंग्रजीत मसुदा करणार असतील तर मराठी करण्याचे काम आम्ही घेऊ. निवृत्त_नायब काका, सातबारा वाचायला आम्हालाही शिकवाल का?

निवृत्त_नायब

जरूर. दिवाळीनंतर रविवारी सकाळी बसू. येताना प्रत्येकीने आपल्याच घरचा सातबारा आणावा. तोच पहिला धडा.

कृष्णाकाठचा_वकील

वर मी शंका घेतली होती, आता थोडी वेगळी भूमिका मांडतो. या चर्चेतून कामाची वाटणी आपोआप पुढे आली आहे. करार आणि कंपनीची विवरणे मुंबईने पाहावीत, महसुलाचे कागद निवृत्त मंडळींनी पाहावेत आणि कोर्टाचे काम आम्ही पाहावे. उच्च न्यायालयाचे कोल्हापुरातले फिरते खंडपीठ (सर्किट बेंच) १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाल्यामुळे सातारा-सांगलीच्या पक्षकाराला आता अपिलासाठी मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागत नाही. मोठे काम असले तरी ते आता हाकेच्या अंतरावर आहे.

दोन अटी मात्र घालतो. मसुदा मूळ मराठीतच विचार करून लिहावा. इंग्रजी कलमांचा शब्दशः अनुवाद केला तर शेतकरी तो वाचणार नाही आणि न वाचता सही करणार, म्हणजे आपण होतो तिथेच राहिलो. दुसरी अट नियम ३६ ची. वकिलाने स्वतःची जाहिरात करायची नसते, तेव्हा शिबिरावर फर्मच्या नावाचा फलक नको आणि लाभार्थ्याच्या चेहऱ्याचे छायाचित्र तर नकोच.

माणदेशी

वकीलसाहेब, दुरुस्ती मान्य. अभ्यासिकेचा आग्रह सोडत नाही, पण तो कंपन्यांकडे धरतो. द्राक्षवेल, तुमचा तालुका झाल्यावर आटपाडीकडेही या. डाळिंबाचे व्यापारीही अशाच चिठ्ठ्या देतात.

द्राक्षवेल

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण मध्ये पुतणीचे फर्मशी बोलणे चालू होते. जे ठरले ते सांगतो.

वीस जणांची सहल यंदा होणार नाही. जानेवारी ते एप्रिल या द्राक्षाच्या हंगामात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वकील गावी येतील आणि मधल्या रविवारी फोनवर उपलब्ध असतील. त्यांचे हे तास फर्मच्या हिशेबात धरले जातील, हे लेखी मिळाले आहे. ज्या बँका आणि कंपन्या फर्मच्या अशील आहेत त्यांच्याविरुद्धचे काम घेता येणार नाही, हे पुतणीने ग्रामसभेत उभे राहून सांगितले. काही जण नाराज झाले, पण आधीच सांगितले याचे बहुतेकांना बरे वाटले. हळद_उत्पादक, तुमच्या कंपनीची फाइल पहिल्याच भेटीत पाहायची ठरली आहे. शाळेत अर्धा तासही ठरला आहे, वाईच्या बाईंना कळवतो.

पहिले काम म्हणून द्राक्ष खरेदीचे पावतीपुस्तक छापतो आहोत. २०१६ पासून फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला गेल्यामुळे व्यापारी थेट बांधावर येतो, माल काढतो आणि जातो. पोलिसांत गेले की प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे असे ऐकावे लागते. म्हणून एका पानाची, कार्बन लावून तीन प्रती निघतील अशी मराठी पावती केली आहे. तिच्यात व्यापाऱ्याचे पूर्ण नाव व पत्ता, पॅन, मोबाइल, पेट्या, वजन, दर, एकूण रक्कम, चेक क्रमांक आणि दोघांच्या सह्या एवढे रकाने आहेत. वकीलसाहेब, काही राहिले काय?

कृष्णाकाठचा_वकील

माल नेणाऱ्या गाडीचा क्रमांक घाला. व्यापाऱ्याने खोटे नाव सांगितले तरी गाडीवरून माग लागतो. आणि ‘पैसे देण्याची तारीख’ असा वेगळा रकाना करा. ती तारीख शेतकऱ्याने लिहू नये, व्यापाऱ्याने स्वतःच्या हस्ताक्षरात, सालासकट लिहावी.

द्राक्षवेल

दोन्ही रकाने वाढवले. सालासाठी चार चौकोन आखून घेतले आहेत. मसुदा उद्या छापखान्यात जातो.